तलवारीचे पाणी जोखताना

दसरा आला की आमच्या वऱ्हाडात माळ्यावरच्या पेट्यांतून जुन्या तलवारी बाहेर निघतात. राखेने, विटेच्या भुकटीने, हल्ली तर चक्क पॉलिश पेपरने घासून लख्ख केल्या जातात. घरातले वडीलधारे सांगतात, ही अडगावच्या लढाईतली. अडगाव आमच्या वरवट बकालहून फार लांब नाही, शेजारच्या तेल्हारा तालुक्यात आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची गाठ इंग्रज सेनापती वेलस्लीशी पडली होती. तेव्हा गोष्ट अशक्य मुळीच नाही. पण ती खरी की नाही, हे सांगणारा पुरावा त्या पात्यावरच असतो, आणि नेमका तोच आपण दरवर्षी घासून टाकतो.

मला उर्दू वाचता येते, हे गावाला ठाऊक. म्हणून पात्यावर फारशी अक्षरे दिसली की मंडळी येतात. ‘चाचा, एवढं वाचून द्या.’ बहुधा लिहिलेले असते ‘अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी’, म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाहची कारागिरी. हा कारागीर इराणच्या शाह अब्बासच्या काळातला, असे परंपरा सांगते. पण त्याच्या नावाच्या पात्यांवरची साले शंभराहून अधिक वर्षांवर पसरलेली आहेत. एक माणूस किती जगणार? नाव मोठे झाले की ते सगळेच लावतात, हे काय फक्त कवींच्याच बाबतीत घडते! तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नये. साल असेल तर ते हिजरी आहे हे ध्यानात ठेवावे. हिजरी १११५ म्हणजे इसवी सन १७०३. हिजरी वर्ष चांद्र असल्याने आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून सरसकट एकच आकडा मिळवून भागत नाही.

युरोपातही हाच खेळ चालला. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या धावत्या लांडग्याची, इटलीतल्या जिनोआच्या विळ्यांसारख्या खुणांची इतरांनी सर्रास नक्कल केली. आपल्याकडे युरोपी पात्यांना मोठा मान होता. त्यांवर इथली मूठ चढवली की झाली ‘फिरंग’. म्हणून तलवार कुठली, हा प्रश्न एकदा विचारून पुरत नाही. पाते कुठले आणि मूठ कुठली, असे दोनदा विचारावे लागते. आपल्या पुष्कळशा तलवारींत पाते मुठीत राळेने किंवा लाखेने बसवलेले असते. ती गरम करून मूठ काढता येते, दुसरी चढवता येते. जुने पाते आणि नवी मूठ, किंवा याच्या उलट, ही जोडी बाजारात नेहमी सापडते.

नागपूरच्या भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली, ती याचे उत्तम उदाहरण आहे. पाते सरळ, एकधारी, युरोपी बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा यांचे नाव आणि पुढे ‘फिरंग’ हा शब्द. ती पहिल्या रघूजींची मानली जाते. पण नागपूरच्या गादीवर रघूजी नावाचे तिघे बसले. म्हणूनच नावाबरोबर पाते, मुठीचा घाट, अक्षरांचे वळण, सोन्याचे काम हे सगळे एकत्र वाचावे लागते.

सोन्याच्या कामाचीही एक खूण आहे. कोफ्तगारीत पोलादावर आधी बारीक आडव्याउभ्या रेघा ओढतात आणि त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. सोने झिजले तरी त्या रेघा भिंगातून दिसतात. नुसता मुलामा असेल तर खाली काहीच नसते.

पात्यावरच्या लहरींना उर्दूत ‘जौहर’ म्हणतात. माणसाच्या अंगच्या गुणालाही तोच शब्द आहे. खरा जौहर पोलादाच्या पोटात असतो. घासून झाकला गेला तरी जाणकाराने सौम्य आम्ल लावले की परत उमटतो. नकली लहरी वरवर कोरलेल्या, सारख्या अंतराच्या. घासल्या की गेल्या. आणि मौज अशी की असे पोलाद आपल्या दख्खनमध्ये होत असे. तेलंगणातल्या कोनासमुद्रम गावी ते विकत घ्यायला इराणी व्यापारी येत. म्हणजे इस्फहानची म्हणून मिरवणारी तलवार मुळात शेजारच्या घरची असू शकते.

जपानी लोक या बाबतीत फार शिस्तीचे. तिथे पाते मुठीत बांबूच्या खिळीने अडकवतात. खिळी काढली की आतला भाग दिसतो, कारागिराची सही तिथेच असते. तिथला गंज ते कधीही साफ करीत नाहीत, कारण गंजाचा रंगच वय सांगतो. जुना गंज गर्द, काळसर आणि घट्ट. आम्ल टाकून आणलेला तांबूस, भुसभुशीत. तिथेही थोरामोठ्यांच्या खोट्या सह्या आहेतच. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतून निघालेल्या अधिकाऱ्यांच्या तलवारीही ‘सामुराईंच्या’ म्हणून खपवल्या जातात. आपल्याकडे जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याची तलवार शिवकालीन होते, त्यातलाच प्रकार.

‘खात्री नाही’ असे म्हणायला मोठ्या संस्थाही लाजत नाहीत. जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखे शिवाजी महाराजांचीच, याला पुरावा नाही, असे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतः सांगितले. मग घरच्या तलवारीबद्दल तसे म्हणायला आपण का कचरावे?

कुणी विकत मागायला आला तर घाई करू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही. आधी जाणत्याला दाखवावी. नागपुरात १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, आहेच. दसऱ्याची पूजा खुशाल करा, पण ओले हळदकुंकू पात्यावर राहू देऊ नका. कापडाने पुसून तेलाचा पातळ हात फिरवा. कातडी म्यानात कायमची कोंडू नका, चामडे ओल धरते. आणि त्याच पेटीत एखादी सनद, एखादे मोडीतले कागद असतील, तर ते तलवारीपासून वेगळे करू नका.