पेट्रोलचा वास येणारी गाडी

गाडीतून इंधन गळत असल्याची पहिली खूण बहुधा वास हीच असते. डाग नंतर दिसतो, कधी दिसतही नाही, कारण फरशीवर पडलेले पेट्रोल बघता बघता उडून जाते. त्याची वाफ मात्र हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते आणि जमिनीलगत साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचले की एक ठिणगी पुरते. पुण्यातल्या विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या भागात असंख्य गाड्या इमारतींखाली उभ्या राहतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये या वाफेला बाहेर जायला वाटच नसते. त्यामुळे वास येणारी गाडी तिथे सुरू करू नये. ढकलत उघड्यावर आणावी.

वास कधी येतो, यावरून जागा बरीचशी कळते. टाकी फुल केल्यावरच येत असेल, तर संशय टाकीवर बसवलेल्या पंपाच्या गॅस्केटवर किंवा पेट्रोल भरण्याच्या नळीवर घ्यावा. अनेक गाड्यांत हा पंप मागच्या सीटखाली असतो. हे दोष कारखान्यातूनही येतात. २०१० मध्ये मारुती सुझुकीने सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या पंपाचे गॅस्केट बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या, तर २०१४ मध्ये स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा मिळून एक लाखाहून अधिक गाड्यांची भरण्याची नळी बदलून दिली. अशा दोषाची दुरुस्ती कंपनी फुकट करते, म्हणून चासी नंबर देऊन आधी चौकशी करावी. इंजिन चालू असतानाच वास येत असेल, तर फिल्टरचे जोड, रबरी पाईप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग तपासाव्या लागतात.

रबर हा या सगळ्यातला दुबळा दुवा आहे. इंजिनच्या उष्णतेने ते कडक होते, भेगाळते. उभ्या गाडीत शिरलेले उंदीर ते कुरतडतात. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. ५ जून २०२१ रोजी पुण्यात तीन ठिकाणी निव्वळ इथेनॉल देणारे पंप प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले, आणि २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि काही जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे सुटे भाग हे मिश्रण सोसतील असे बनवलेले असतात. त्याआधीच्या गाडीचा पाईप बदलताना इथेनॉल सोसणारा पाईप मागून घेणे शहाणपणाचे.

दाबाचा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब जेमतेम पाव बार असे; इंजेक्टरच्या साध्या (एमपीएफआय) गाडीत तो तीन ते चार बार असतो. कार्बोरेटरसाठीचा स्वस्त पाईप आणि साधी स्क्रूची क्लिप इथे काही दिवस टिकेल, मग फुटेल किंवा निसटेल. एम-सील, टेप, टाकीच्या चिरेवर घासलेला साबण हे फार तर गाडी उचलून न्यायची सोय होईपर्यंतचे उपाय. पाईपला पडलेली चीर चिकटवण्यात अर्थ नाही, तो पाईप बदललाच पाहिजे.

पाईप बदलण्याचे काम गार इंजिनवर, उघड्या हवेत करावे. आधी टाकीचे झाकण उघडून आतला दाब सोडायचा. मग पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले की लाइनमधला दाब उतरतो. पण पेट्रोल उघडउघड ठिबकत असेल, तर इंजिन सुरूच करू नये. फ्यूज काढून गाडी बराच वेळ तशीच ठेवावी. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, जोडाभोवती फडके धरून पाईप सावकाश सोडवायचा आणि उरलेले पेट्रोल धातूच्या भांड्यात घ्यायचे. उजेडासाठी तापणारा बल्ब नको, बंदिस्त टॉर्च वापरावा आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. नवा पाईप त्याच आतल्या व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा हवा; तापलेल्या सायलेन्सरच्या नळीला किंवा धारदार कडेला तो लागता कामा नये. काढलेली ओ-रिंग आणि गॅस्केट पुन्हा बसवू नये. काही रुपयांच्या या वस्तूंत केलेली बचत सर्वांत महाग पडते.

सगळे जोडल्यावर इंजिन न फिरवता चावी दोन-तीनदा फक्त ‘ऑन’ करावी. पंप काही क्षण चालून लाइन भरतो आणि जोड ओला होतो का ते दिसते. कोरडा राहिला तरच इंजिन सुरू करावे, पुन्हा पाहावे, आणि काही दिवसांनी क्लिपा परत तपासाव्यात.

काही कामे मात्र घरी करायचीच नाहीत. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, म्हणून नीट न धुतलेल्या लोखंडी टाकीला वेल्डिंग म्हणजे स्फोटाला आमंत्रण. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो. तिथली बारीक धार कातडी भेदून आत शिरते, त्यामुळे गळती शोधायला हात फिरवू नये. सीएनजीचा जोड फसफसत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी अधिकृत केंद्राकडे सोपवावी.