मोटारीतील गारवा आणि विजेचे निदान

१९४० सालच्या आपल्या मोटारींत अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने वातानुकूलनाची सोय कारखान्यातूनच बसवून देण्यास प्रारंभ केला. सोय मोठी होती, परंतु तिच्यात एक चमत्कारिक उणीव होती. गारवा पुरे झाला म्हणजे आतला पंखा बंद करता येई. पण वायू दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर अखंड फिरतच राही. त्याला विश्रांती द्यावयाची तर गाडी उभी करावी, इंजिन थांबवावे, बॉनेट उघडावे आणि पट्टा उतरवून ठेवावा, एवढाच मार्ग होता. पुढे कॉम्प्रेसरच्या कप्पीवर विद्युत्चुंबकाचा क्लच बसू लागला आणि ही अडचण संपली. कळ दाबताच चुंबक जागृत होतो, पोलादी चकती फिरत्या कप्पीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. प्रवाह तुटला की चकती सुटते व कप्पी एकटीच फिरत राहते. मात्र या सुधारणेबरोबर मोटारीतील गारव्याची दोरी विजेच्या हाती गेली. आज गारवा नाहीसा झाला तर दोष वायूत असेल, यंत्रात असेल किंवा विजेत असेल. आणि तिन्ही दोषांचे बाह्य लक्षण एकच, ते म्हणजे झरोक्यांतून येणारी गरम हवा.

लक्षण एक आणि कारणे अनेक असली म्हणजे घाईने उपचार करण्याचा मोह होतो. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात किंवा दिल्लीत पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो. गाडीत एखादे वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल असते. टॅक्सीवाल्याचा तर पोटाचाच प्रश्न असतो, कारण तापलेल्या गाडीत बसावयास उतारू तयार होत नाही. अशा वेळी ‘गॅस संपला असेल, भरून टाका’ हा सल्ला सर्वांना पटतो. गॅस भरला जातो, पैसे खर्च होतात आणि गाडी गरमच राहते. मग कॉम्प्रेसर बदलण्याची भाषा सुरू होते, आणि अखेरीस दोष निघतो तो बॉनेटखालच्या एखाद्या गंजलेल्या जोडात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. तो टाळण्यासाठी फार मोठ्या विद्येची गरज नसते. वीज कोणत्या वाटेने जाते याचे ज्ञान आणि ती वाट क्रमाने तपासण्याचा धीर, एवढे पुरते.

ही वाट दोन मंडलांची बनलेली असते. पहिले मंडल कामाचे. बॅटरीतील प्रवाह फ्यूजमधून रिलेत, रिलेतून क्लचच्या कॉइलमध्ये जातो आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. दुसरे मंडल हुकमाचे. चालकाची कळ, आतला पंखा, कूलिंग कॉइलवरील तापमान पाहणारा घटक, वायूच्या दाबावर लक्ष ठेवणारा स्विच आणि अलीकडच्या गाड्यांत इंजिनाचा नियंत्रक संगणक, या सर्वांची संमती मिळाली म्हणजेच रिलेच्या चिमुकल्या चुंबकात प्रवाह खेळतो आणि कामाचे मंडल जोडले जाते. एकाने नकार दिला तरी क्लच स्तब्ध राहतो.

हा नकार पुष्कळदा रास्तच असतो. कूलिंग कॉइल गोठणबिंदूच्या जवळ आली तर हवेतील दमटपणा तिच्यावर बर्फ होऊन बसेल व वाऱ्याची वाट अडेल, म्हणून प्रवाह तोडला जातो. वायूचा दाब सुमारे २ बारच्या खाली गेला, म्हणजे गॅस गळून गेला असेल, तरी प्रवाह तुटतो. तसाच तो ३० बारच्या आसपास चढला तरीही तुटतो. म्हणून स्तब्ध कॉम्प्रेसर बिघडलेलाच असेल असे नाही. तो कदाचित आज्ञा पाळीत असेल. निदान करणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘कोणता भाग खराब झाला’ हा नसून ‘नकार कोणी दिला आणि का दिला’ हा आहे.

निदानाची पहिली पायरी डोळ्यांची व कानांची आहे. आतला पंखा वारा फेकतो की नाही? वेगाच्या ठरावीक पायऱ्या असलेल्या पुष्कळ गाड्यांत तो केवळ सर्वांत वरच्या वेगावर चालतो व खालच्या वेगांवर गप्प बसतो, असे आढळते. तेथे मोटर शाबूत असून वेग कमी करणारा रोधक जळालेला असतो. कारण वरच्या वेगाला प्रवाह त्या रोधकाला वळसा घालून जातो. दुसरी गोष्ट, कळ दाबताच क्लचचा ‘टक्’ असा आवाज येतो काय? आणि तिसरी, कंडेन्सरसमोरचा पंखा फिरतो काय? क्लच चिकटला, कॉम्प्रेसर फिरला आणि तरीही हवा गार होत नसेल, तर क्लचच्या वायरिंगमध्ये शोध घेण्याचे कारण उरत नाही. दोष वायूचा असेल, कॉम्प्रेसरच्या आतला असेल किंवा थंड-गरम हवा मिसळणाऱ्या झडपेचा असेल.

क्लच चिकटतच नसेल तर दुसरी पायरी दाबमापकाची. आर-१३४ए हा वायू भरलेल्या गाडीत, इंजिन बंद असता व तापमान ३० अंश असता, दर चौरस इंचाला सुमारे ९५ पौंड दाब दिसावयास हवा. हा आकडा गॅस पुरेपूर आहे असे सांगत नाही. थोडा तरी गॅस द्रवरूपात शिल्लक आहे एवढेच सांगतो. पण काटा शून्याजवळ असेल तर विजेचा शोध तेथेच थांबवावा, कारण दाबाच्या स्विचने आपले कर्तव्य केलेले असते. काही कारागीर अशा वेळी त्या स्विचची दोन टोके तारेने जोडून कॉम्प्रेसर बळेच चालवितात. कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नसता तो चालविणे म्हणजे त्याला कोरडा फिरविणे होय, आणि मग किरकोळ गळतीच्या जागी नव्या कॉम्प्रेसरचा खर्च उभा राहतो. उलट पक्षी, दाब योग्य असता गॅस सोडून देऊन पुन्हा भरण्यातही शहाणपण नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू वजनास वजन धरता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ घडवितो.

दाब ठीक असेल तर तिसरी पायरी रिलेची. रिले हा दोन्ही मंडलांचा संगम असल्याने तेथे केलेली एक चाचणी शोधाचे क्षेत्र निम्मे करते. सुटा रिले असलेल्या अनेक गाड्यांत त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे असतात. ३० हा बॅटरीकडून येणारा, ८७ हा क्लचकडे जाणारा, आणि ८५ व ८६ हे रिलेतील चुंबकाचे पाय. रिले काढून ३० क्रमांकाच्या घरात बॅटरीचे व्होल्टेज मिळते की नाही हे पाहावे. मिळत नसेल तर फ्यूज व त्याच्यामागील तार तपासावी. मिळत असेल तर इंजिन बंद ठेवून, फ्यूज असलेल्या तारेने ३० आणि ८७ ही घरे क्षणभर जोडावी. ‘टक्’ असा आवाज आला तर कामाचे मंडल तेथून क्लचपर्यंत व परत सलग आहे. मग दोष रिलेत किंवा हुकमाच्या मंडलात. आवाज आला नाही तर दोष पुढे, म्हणजे तारेत, कॉइलमध्ये, अर्थच्या जोडात किंवा झिजलेल्या चकतीत. अशा रीतीने प्रत्येक चाचणीगणिक निम्मी शंका दूर होते आणि एकही भाग उगाच बदलावा लागत नाही.

येथे एक फसवणूक ओळखून ठेवली पाहिजे. क्लचची जोडणी सोडवून तारेच्या टोकांना मीटर लावला व त्याने १२ व्होल्ट दाखविले, की वीज पुरेशी येते असे मानण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. आतून किटलेल्या नळाची तोटी बंद असता तिच्यामागे पाण्याचा दाब पुरता असतो. तोटी उघडली की करंगळीएवढी धार लागते. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून त्याला गंजाचा अडथळा दिसत नाही. कॉइलचा रोध ३.६ ओहम असेल तर १२ व्होल्टना ३.३ अँपिअर प्रवाह जातो. अर्थच्या जोडावर गंज चढून अवघा १ ओहम रोध वाढला तरी प्रवाह २.६ अँपिअरवर येतो. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने ती सुमारे तीन-पंचमांशच उरते आणि चकती घसरते किंवा चिकटतच नाही. म्हणून मोजणी नेहमी क्लच जोडलेला व प्रवाह चालू असताना करावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरे कॉइलच्या अर्थच्या टोकावर ठेवले, तर तेथे एक-दोन दशांश व्होल्टांहून अधिक आकडा दिसू नये. वरच्या उदाहरणात तो २.६ दिसेल आणि दोष आपली जागा स्वतःच सांगेल.

अधूनमधून प्रकटणारे दोष सर्वांत चकविणारे. सकाळी गाडी गार होते, तासाभराने गरम होते आणि कारखान्यात नेईपर्यंत पुन्हा ठीक चालते. येथे भाग उघडण्यापूर्वी वेळेचे निरीक्षण करावे. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. ३० अंशांची कॉइल ११० अंशांपर्यंत तापली की ३.६ ओहमचे सुमारे ४.७ ओहम होतात. चकती झिजून तिच्यातील व कप्पीतील फट वाढलेली असेल, तर अशक्त झालेला चुंबक तिला ओढू शकत नाही. फट साधारणतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी. याउलट, सिग्नलपाशी गाडी उभी राहिली की हवा गरम आणि धावू लागली की गार, असे होत असेल तर पाहावयाचे ते कंडेन्सरच्या पंख्याकडे. पंखा बंद असता उभ्या गाडीत वायूचा दाब चढतो आणि स्विच प्रवाह तोडतो; वाऱ्याचा झोत मिळाला की दाब उतरतो.

फ्यूज वारंवार जळत असेल तर ती तक्रार नसून सूचना समजावी. कॉइल आतून जुळली असेल, तारेचे वेष्टन घासून ती लोखंडाला टेकत असेल, किंवा कॉइलचा प्रवाह तुटताना उसळणारे उलट व्होल्टेज शोषण्यासाठी बसविलेला डायोड निकामी झाला असेल. जळणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज घालणे किंवा नुसती तार गुंडाळणे, हा उपाय नव्हे. जे जळावयाचे ते मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि चालत्या गाडीत ते जळणे म्हणजे आतील माणसांच्या जिवाशी खेळ.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. काही नव्या गाड्यांतील कॉम्प्रेसरला क्लच नसतोच. संगणकाच्या स्पंदनांनी एक झडप त्याचे काम कमी-अधिक करते. तेथे साध्या दिव्याने तारा चाचपणे संगणकाला अपायकारक ठरू शकते. विजेवर चालणाऱ्या व पुष्कळ संकरित गाड्यांत कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टांवर चालतो. त्याच्या केबलींचे नारिंगी वेष्टन हा धोक्याचा इशारा आहे. त्यांना प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये.

यंत्रे बदलली तरी निदानाचा नियम बदलत नाही. वीज जेथे निश्चित आहे तेथून जेथे ती निश्चित नाही तेथवर जावे, दोहोंच्या मध्यावर तपासावे आणि पुरावा मिळाल्यावाचून भाग बदलू नये. वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. गाडीच्या मालकानेही कारागिराला ‘काय बदलले’ एवढेच न विचारता ‘काय तपासले’ हे विचारावे. त्या एका प्रश्नाने पुष्कळांचे पैसे वाचतील आणि जाणत्या कारागिराच्या विद्येला तिचा मानही मिळेल.