प्रकाश-उत्सर्जक बहुवारिकांचे लवचिक दर्शक

विद्युत् प्रवाह जाऊ दिला असता स्वतः प्रकाश देणाऱ्या बहुवारिकाचे (लहान रेणूंची लांब साखळी बनून तयार झालेल्या संयुगाचे) पातळ पटल वाकविता येणाऱ्या प्लॅस्टिकवर चढवून केलेला दर्शक. पटलाची जाडी सु. १०० नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी कमी असते.

नेहमीचे प्लॅस्टिक विद्युत् निरोधक असते. साखळीत एकबंध व द्विबंध एकाआड एक असल्यास मात्र इलेक्ट्रॉन तीवरून सरकू शकतात व द्रव्य अर्धसंवाहकासारखे वागते. ऋणाग्राकडून आलेला इलेक्ट्रॉन व धनाग्राकडून आलेली पोकळी (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा) एकत्र आली म्हणजे मुक्त होणारी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. केंब्रिज येथे १९८९ मध्ये बरोज, ब्रॅडली व फ्रेंड यांना पॉलि (पॅरा-फिनिलीन व्हिनिलीन) या बहुवारिकात हा परिणाम आढळला. १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या वेळी शंभर इलेक्ट्रॉनांमागे प्रकाशाचा एक कणही मिळत नव्हता.

हे बहुवारिक विरघळत नसल्यामुळे त्याच्या विद्राव्य पूर्वगामी द्रव्याचे पटल काढून ते तापवावे लागे. साखळीला योग्य शाखा जोडल्यावर विरघळणारी बहुवारिके मिळाली आणि शाईप्रमाणे दर्शक छापण्याची कल्पना पुढे आली. १९९२ मध्ये गुस्ताफसन, हीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएस्टराच्या पत्र्यावर पॉलिॲनिलिनाचे धनाग्र व कॅल्शियमाचे ऋणाग्र वापरून वाकविता येणारा प्रकाशक तयार केला. छपाईत वरच्या थराच्या विद्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये. म्हणून धनाग्रालगतचा थर पाण्यातून व प्रकाश देणारा थर कार्बनी विद्रावकातून देतात. लाल, हिरव्या व निळ्या द्रव्यांचे थेंब सूक्ष्म खळग्यांत सोडतात.

खरी अडचण दमट हवेची आहे. पाण्याची वाफ व ऑक्सिजन आत शिरल्यास ऋणाग्राचा धातू बिघडतो व प्रकाशात काळे ठिपके पडून ते वाढत जातात. काचेतून वाफ जात नाही, पण साध्या पॉलिएस्टराच्या चौ. मीटरमधून दिवसाला ग्रॅमच्या प्रमाणात वाफ जाते. दर्शकाला ग्रॅमचा दशलक्षांश भागच सोसतो. यासाठी अकार्बनी व बहुवारिकी थर एकाआड एक देतात. अकार्बनी थरांतील सूक्ष्म छिद्रे एकमेकांसमोर येत नाहीत व वाफेची वाट लांबते. वाकविल्यावर हे थर तडकू नयेत, ही आणखी एक अट.

फिलिप्स कंपनीने २००२ मध्ये दाढीच्या यंत्रावर बहुवारिकी दर्शक बसविला, परंतु तो लवचिक नव्हता. २०१३ पासून बाजारात आलेल्या वक्र व पुढे घडीच्या दूरध्वनींत लहान रेणूंची द्रव्ये निर्वातात बाष्परूपाने पॉलिइमाइडावर बसवितात. हे प्लॅस्टिक ३००° से.हून अधिक तापमान सहन करते. निळ्या बहुवारिकाचे अल्प आयुष्य हे छपाईची पद्धत मागे पडण्याचे एक कारण होय. भारतात कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील राष्ट्रीय लवचिक इलेक्ट्रॉनिकी केंद्रात मुद्रित साधनांवर संशोधन चालते.