वयात येताना – भाग 7 : चिडचिडीआडचं नैराश्य

मागच्या भागात आपण किशोरवयातल्या झोपेविषयी बोललो. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे रात्री अकराला डोळा न लागणं म्हणजे आळस नव्हे, हे पाहिलं. पण झोप बिघडली की दरवेळी वयाकडे बोट दाखवून चालत नाही. कधी त्यामागे नैराश्य असतं, आणि ते घरच्यांनाच सगळ्यात उशिरा कळतं. आपण रडवेला चेहरा शोधत राहतो आणि पोरगं दारं आपटत असतं.

मोठ्या माणसाचं नैराश्य उदासीतून दिसतं. किशोरांचं पुष्कळदा चिडचिडीतून दिसतं, इतकं की डॉक्टरांच्या निदानाच्या निकषांतच या वयासाठी उदासीऐवजी चिडचिड ग्राह्य धरली आहे. घरात मात्र त्याच चिडचिडीला ‘शेफारलाय’, ‘मोबाइलनं डोकं फिरवलंय’, ‘उलट बोलायला शिकलाय’ अशी नावं मिळतात. आजाराला शिस्तीचं औषध दिलं जातं आणि तो वाढतो.

एक घर डोळ्यांसमोर आणू. घर काल्पनिक आहे, त्यातल्या गोष्टी मात्र कुठल्याही घरात दिसतील अशा. नवा रायपूर, सेक्टर 29. बाबा मंत्रालयात, आई रायपुरातल्या बँकेत. मुलगा दहावीत. पूर्वी सगळे रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजी-काकांसोबत राहायचे. बाबांना सरकारी घर मिळालं, तसे इकडे आले. मुलगा आधी संध्याकाळी बॅट घेऊन बाहेर पडायचा, आता खोलीबाहेर येत नाही. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशीही अंथरुणातून उठवत नाही. ताटातली पोळी अर्धी टाकतो. गणितात पंचाऐंशी मिळवणारा पंचावन्नवर आला. विचारलं तर एकच उत्तर, तेही हिंदीत : “कुछ नहीं, बस थक गया हूँ।” त्यावर आई म्हणते, “एवढ्या वयात कसला रे थकवा?” आणि बोलणं तिथेच संपतं.

यात नुसतं ‘वय’ किती आणि आजार किती, हे कसं ओळखायचं? तीन गोष्टी तपासा. पहिली, कालावधी. वाईट मूड दोन-तीन दिवसांत निवळतो. नैराश्य निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ ठाण मांडून असतं. दुसरी, पसारा. आईशी वाजलं पण मित्रांत हसतोय, तर ते वय. घर, शाळा, मित्र, खेळ सगळीकडेच पाणी आटलं असेल, तर सावध व्हा. तिसरी, बदल. शेजारच्या मुलाशी नव्हे, आपल्याच मुलाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी तुलना करा. आवडीच्या गोष्टीतला रस जाणं, झोप-भूक फार वाढणं किंवा घटणं, लक्ष न लागणं, तपासणीत काही न सापडणारी डोकेदुखी-पोटदुखी, ‘मी काही कामाचाच नाही’ असं बोलणं, या खुणा एकत्र दिसल्या तर त्यांना एकच धागा असू शकतो.

नव्या वस्तीतली अडचण

2012 च्या नोव्हेंबरात मंत्रालय नव्या रायपूरच्या महानदी भवनात आलं आणि त्यामागोमाग नोकरदार कुटुंबंही इकडे येऊ लागली. रस्ते ऐसपैस, हवा मोकळी, सेक्टर आखीव. पण जुन्या मोहल्ल्यात मुलावर जितक्या नजरा असायच्या, तितक्या इथे नाहीत. ‘हा आठवडाभर दिसला नाही हो,’ असं म्हणणारा किराणावाला नाही, गच्चीवरून हाक मारणारी काकू नाही. मोहल्ला तरी नैराश्य ओळखायचाच असं नाही. तिथेही दृष्ट काढून, नाहीतर बैगा-गुनियासारख्या मांत्रिकाकडे नेऊन मोकळे होणारे होतेच. पण बदल कुणाच्या तरी डोळ्यांत भरायचा. नव्या वस्तीत ते काम जवळजवळ सगळं आईबाबांवर येतं, आणि त्यांच्यातल्या ज्याची नोकरी रायपुरात, त्याचा दिवसातला बराच वेळ ये-जा करण्यात जातो. म्हणून वर्गशिक्षक, शाळेच्या बसमधल्या ताई, जवळच्या मित्राचे आईबाबा यांच्याशी ओळख ठेवा. ‘काही वेगळं दिसलं तर मला नक्की सांगा,’ एवढं आधीच सांगून ठेवलं तरी पुष्कळ होतं.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. निम्हान्सने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात छत्तीसगडही होतं. 13 ते 17 वयोगटात मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं, म्हणजे चाळीसच्या वर्गात साधारण तीन मुलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांनुसार छत्तीसगडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे 28.2 आत्महत्या झाल्या. देशाची सरासरी 12.4 होती. हे आकडे सगळ्या वयांचे आहेत, पण ज्या राज्यात मुलं वाढवायची तिथली हवा त्यातून कळते.

कसं बोलायचं

समोरासमोर बसवून ‘बोल, काय झालंय?’ म्हटलं की मूल कवच ओढून घेतं. शेजारी-शेजारी असताना ते सोपं जातं : स्कूटरवर, भांडी आवरताना, सेंध तलावाकाठी चालताना. निदान करू नका, दिसलेलं सांगा. “गेले काही दिवस तू खेळायला जात नाहीस, रात्री जागा असतोस. मला काळजी वाटते. काय चाललंय मनात?” मग थांबा. ती शांतता सोसणं हेच सगळ्यात अवघड काम. घरात मराठी बोला म्हणून इथे हट्ट धरू नका, शाळेतलं दुःख शाळेच्या हिंदीतच बाहेर येईल.

‘तुला काय कमी आहे?’, ‘आमच्या वेळी कंदिलाखाली अभ्यास केला,’ ही वाक्यं गिळा. नैराश्यात मुलाला आधीच वाटत असतं की दोष आपलाच. त्या वाक्यांनी ते शाबीत होतं.

आणि एक प्रश्न टाळू नका : “कधी असं वाटतं का, की जगूच नये?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाला हायसं वाटतं की हे कुणाशी तरी बोलता येतं. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तातडीला 112 आहे.

कुठे जायचं

रायपुरात टाटीबंधच्या एम्समध्ये आणि आंबेडकर रुग्णालयात, म्हणजे आपल्या मेकाहारात, मानसोपचार विभाग आहेत. ‘टेली मानस’ या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास आणि मोफत सुरू आहे, हिंदीत आणि मराठीतही बोलता येतं. ‘प्रकरण पोलिसांत जाईल, पुढे नोकरीला आडवं येईल,’ या भीतीनं घरं गप्प बसतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

डॉक्टर आधी रक्तक्षय, थायरॉइडसारखी कारणं तपासतील, मुलाशी एकट्यानं बोलतील. त्या वेळी बाहेर बसा. नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशनानं, विचार आणि वागणं यांची सांगड तपासणाऱ्या थेरपीनं बरंच साधतं. तीव्र असेल तर गोळ्या लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि सुरुवातीच्या दिवसांत मुलाची अस्वस्थता वाढते का, याकडे बारीक लक्ष ठेवावं लागतं. बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. डॉक्टर साधारणपणे ती पुढेही काही महिने चालू ठेवतात.

घरानं करायचं ते साधं आहे : एक वेळचं जेवण एकत्र, संध्याकाळी थोडं चालणं, झोपेची ठरलेली वेळ, आणि काही दिवस मार्कांचा विषय बंद. दहावीचं वर्ष असलं तरी बंद.

या आठवड्यात एक काम करा. 14416 हा क्रमांक आपल्या फोनमध्ये घाला आणि मुलाच्याही. तो कशासाठी आहे हे त्याला उघड सांगा. गरज आज नसेल, पण या घरात अशा गोष्टी बोलता येतात, हे त्याला आजच कळू द्या.

(पुढील भागात : निकालाचा दिवस आणि घर)