जुना गणवेश आणि त्याचे हक्कदार

अमेरिकेतील विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ अलीकडे एखाद्या संस्मरणीय विजयाच्या वर्धापनप्रसंगी आपला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा गणवेश हौसेने पुन्हा शिवून घेतात. अंगाबरोबर बसणारा बिनबाह्यांचा सदरा, मांडीवरच थांबणारी साटिनची तोकडी विजार, छातीवर ठसठशीत अक्षरांत विद्यापीठाचे नाव आणि पाठीवर केवळ क्रमांक, असा त्याचा थाट असतो. त्या क्रमांकांमागेही एक जुना दंडक होता. पंचाला खेळाडूचा क्रमांक बोटांनी दाखवता यावा म्हणून महाविद्यालयीन खेळात शून्य ते पाच एवढ्याच अंकांना दीर्घकाळ मुभा होती, आणि हे बंधन २०२३-२४च्या मोसमापासून उठले. प्रेक्षक हा सारा थाट कौतुकाने न्याहाळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या काळातून हा सदरा आला त्या काळी तो कोणाच्या अंगावर चढू शकत होता आणि कोणाला त्याचा मज्जाव होता, हे त्या कौतुकाच्या भरात कोणी विचारलेच नाही, तर एका मोठ्या दस्तऐवजाचे अर्धेच पान वाचून आपण तो मिटून ठेवला असे होईल.

ज्या जेम्स नेस्मिथने १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला, तोच पुढे कॅन्सस विद्यापीठात अध्यापन करीत असता जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकत होता; पण खुद्द खेळाच्या जनकाचा शिष्य असूनही विद्यापीठाच्या संघाचा गणवेश त्याला वर्णामुळे निषिद्ध होता. हाच मॅक्लेंडन पुढे नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचा प्रशिक्षक झाला. १२ मार्च १९४४ रोजी, रविवारची सकाळ असल्यामुळे सारे गाव चर्चमध्ये गेले असता, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या विद्यार्थ्यांचा संघ त्याच्या व्यायामशाळेत गुपचूप दाखल झाला आणि बंद दारांआड सामना झाला. मॅक्लेंडनच्या मुलांनी तो ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांतील खेळाडू परस्परांत मिसळले, नव्याने दोन बाजू पडल्या, आणि एका बाजूने सदरे घालून तर दुसरीने ते उतरवून पुन्हा खेळ केला. जो संकर त्या राज्याच्या कायद्याला आणि रूढीला अक्षम्य वाटला असता, तो त्या तरुणांनी केवळ सदरे उतरवून सहज साधला.

पुढे एकोणीस वर्षांनी जे घडले ते मात्र सर्व देशासमक्ष घडले. मिसिसिपी राज्यातील विद्यापीठांच्या संघांनी कृष्णवर्णी खेळाडू असलेल्या संघाशी खेळू नये असा तेथे अलिखित दंडक होता, आणि त्यापायी मिसिसिपी स्टेटच्या संघाने १९५९, १९६१ व १९६२ या वर्षी आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवूनही राष्ट्रीय स्पर्धेकडे पाठ फिरवली होती. १९६३ साली विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्वार्ड यांनी संघ पाठवण्याचे ठरवले, तेव्हा विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. परंतु तो बजावला जाण्यापूर्वीच कोल्वार्ड आणि प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याबाहेर पडले होते, आणि खेळाडूही बेलिफांना हुलकावणी देऊन विमानाने रवाना झाले. प्रतिस्पर्धी होता शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाचा संघ, ज्याच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चौघे कृष्णवर्णी होते आणि ज्याचा संघनायक जेरी हार्कनेस याला कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची धमकीपत्रे येत होती. १५ मार्च रोजी मिशिगनमधील ईस्ट लॅन्सिंग येथे खेळास आरंभ होण्यापूर्वी हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा संघनायक जो डॅन गोल्ड यांनी हस्तांदोलन केले, तेव्हा छायाचित्रकारांच्या दिव्यांचा असा लखलखाट झाला की आपण निव्वळ एका सामन्यापुरते येथे आलेलो नाही याची जाणीव हार्कनेसला त्याच क्षणी झाली. योगायोग असा की दोन्ही विद्यापीठांचा परंपरागत रंग एकच, मरून. कातडीच्या रंगापायी ज्यांना एकत्र येऊ दिले जात नव्हते त्यांच्या निशाणांचा रंग आधीपासूनच सामाईक होता. लॉयोलाने तो सामना ६१-५१ असा जिंकला आणि त्यानंतर आठच दिवसांनी, सलग दोन वर्षे विजेत्या ठरलेल्या सिनसिनाटीला जादा वेळात ६०-५८ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

१९ मार्च १९६६ रोजी टेक्सास वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाच कृष्णवर्णी खेळाडूंनिशी आरंभ केला आणि केंटकीच्या निव्वळ गोऱ्या संघावर ७२-६५ असा विजय मिळवला, ही कथा तिच्यावरील चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक आहे. त्या एका रात्रीत सारी दारे उघडली, असा समज मात्र करून घेऊ नये. मिसिसिपी स्टेट ज्यात खेळत असे त्या दक्षिणेतील प्रमुख विभागात व्हँडरबिल्टचा कृष्णवर्णी खेळाडू पेरी वॉलेस १९६७ साली एकटाच उतरला आणि परगावच्या सामन्यांत त्याला प्रेक्षकांच्या शिव्याशाप व धमक्या सोसाव्या लागल्या. केंटकीचा गणवेश पहिल्या कृष्णवर्णी खेळाडूच्या अंगावर १९७०-७१च्या मोसमात चढला. आणि ज्या मिसिसिपी स्टेटने मनाई हुकूम चुकवून हस्तांदोलन केले, त्याच्या स्वतःच्या संघातही कृष्णवर्णी तरुणांना सत्तरीचे दशक उजाडेपर्यंत जागा नव्हती. प्रतिस्पर्ध्याशी खेळण्यास राजी होणे निराळे आणि त्याला आपल्या नावाचा सदरा देणे निराळे. पहिल्यास धैर्य लागते, दुसऱ्यास समतेवर निष्ठा लागते, आणि या दोहोंमध्ये कित्येक विद्यापीठांची वर्षांमागून वर्षे निघून गेली.

म्हणून विद्यापीठांनी जुना गणवेश जरूर शिवावा. मात्र त्या दिवशी प्रेक्षकांच्या हाती पडणाऱ्या पत्रिकेत त्या काळच्या विजेत्यांची नामावली जशी छापली जाते, तशी आपल्या संघाचे दार कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना कोणत्या साली आणि कोणाच्या आग्रहामुळे उघडले, हीही नोंद छापावी. काही संस्थांना ती अभिमानाने लिहिता येईल, इतरांना खाली मान घालून लिहावी लागेल; परंतु सत्याच्या कबुलीने कोणत्याही विद्यापीठाची प्रतिष्ठा उणावत नाही. आज जे विद्यार्थी तो सदरा कोणाचीही परवानगी न मागता घालतात, त्यांना तो हक्क कोणी आणि काय सोसून मिळवून दिला हे समजणे, हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे.