पित्त उठलं, पण कशानं?

ब्रेस्लाऊ शहरातले डॉक्टर हाइन्त्स क्युस्टनर यांना शिजवलेला मासा खाल्ला की अंगभर खाज सुटे, गांधी उठत. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ मात्र मासा निर्धास्त खात. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नेमका त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लाल, फुगीर गांध उठली! वावड्याचं मूळ रक्तातल्या कुठल्याशा घटकात आहे, हे १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवलं. हीच रीत पुढे तपासणी म्हणून रुळली आणि रक्तातून कावीळ पसरण्याच्या भीतीने मागे पडली. तो घटक हाती लागायला १९६० चं दशक उलटत आलं. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिश यांनी तो वेगवेगळा शोधला; १९६८ मध्ये त्याला 'आयजीई' हे नाव मिळालं.

आजच्या बहुतेक तपासण्या या आयजीईचाच माग काढतात.

आपल्याकडे गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणतात, आमसुलाचं पाणी चोळतात आणि विषय संपतो. ॲलर्जीच्या डॉक्टरांचं काम तिथूनच सुरू होतं. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, त्याआधी वेदनाशामक गोळी घेतली होती का, धावपळ झाली होती का? आयजीईमुळे होणारा त्रास बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसतो. ही हकिकत नीट ऐकून घेणं हीच सर्वांत मोलाची तपासणी. दुधाने नुसतं पोट फुगत असेल, तर ते अनेकदा दुधातली साखर न पचल्यामुळे होतं. ती ॲलर्जी नव्हे.

मग हातावर संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवून प्रत्येकातून हलकेच टोचतात. शेजारी एक थेंब हमखास गांध उठवणाऱ्या हिस्टामिनचा आणि एक मिठाच्या पाण्याचा, तुलनेसाठी. पंधरा-वीस मिनिटांनी मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठी गांध आली, तर चाचणी पॉझिटिव्ह. ॲलर्जीवरच्या गोळ्या काही दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात, नाहीतर गांध उठतच नाही. कातडीचा विकार असेल किंवा गोळ्या थांबवणं शक्य नसेल, तर रक्तातलं आयजीई मोजतात.

मोठी गफलत होते ती इथे. पॉझिटिव्ह अहवालाचा अर्थ एवढाच, की शरीर तो पदार्थ ओळखतं. मँचेस्टरमधल्या आठ वर्षांच्या मुलांच्या २०१० च्या अभ्यासात शेंगदाण्याची चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जेमतेम २२ टक्के मुलांना खरी ॲलर्जी निघाली. बाकीच्यांनी केवळ कागद पाहून शेंगदाणा सोडला असता! शेंगदाण्यातल्या 'आरा एच २' या एका प्रथिनाविरुद्धचं आयजीई मोजलं, तर खरी ॲलर्जी कोणाला, हे पुष्कळ नेमकेपणाने कळतं.

याहून घातक ते 'आयजीजी'चे महागडे पॅनल. आयजीजी हा आपण नेहमी खातो त्या अन्नाविरुद्धही तयार होणारा साधा प्रतिसाद आहे. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. तरीही अशा पॅनलच्या अहवालावरून मुलांचं दूध, गहू, अंडं एका झटक्यात बंद होतं आणि वाढत्या वयात त्यांची आबाळ होते.

शंका उरलीच तर शेवटचा शब्द प्रत्यक्ष खाऊन पाहण्याचा. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या चार्ल्स मे यांनी अन्नाच्या ॲलर्जीसाठी अशी रीत मांडली, की पदार्थ खरा की नकली हे ना रोग्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. रोजच्या कामात बहुधा उघडच देतात: आधी कणभर, मग ठरावीक वेळाने थोडं थोडं वाढवत. हे घरी करायचं नसतं. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून, सराव असलेल्या डॉक्टरांच्या नजरेखाली रुग्णालयातच करायचं. शेवटच्या घासानंतरही मुलाला काही तास तिथेच बसवून ठेवतात. काहीच झालं नाही, तर तो पदार्थ आता नेमाने खायला द्या, असं सांगूनच त्याला घरी पाठवतात.