सौर वीज, जड चाक आणि संगणकावरची चाचणी



गेल्या गट सभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, ऊन फुकट आहे, मग सगळी वीज सौरच का करत नाहीत?" प्रश्न उसाचा नव्हता, पण रास्त होता. कारखान्याच्या विद्युत अभियंत्यांकडून जे समजले ते मांडतो.

विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन आठवा. लोड एकदम वाढला तरी जड चाकाच्या जोरावर ते लगेच दबत नसे. आपल्या टर्बाईनचा रोटर ग्रीडसाठी हेच काम करतो. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही. त्याची वीज इन्व्हर्टर सोडतो, आणि ग्रीड डळमळला तर काय करायचे हे त्यातला प्रोग्रॅम ठरवतो. शिवाय हंगाम संपला की आपला रोटर थांबतो, ऊन तर तेव्हाच कडक!

नवा वाण आपण आधी चाचणी प्लॉटवर लावतो. ग्रीडचा असा प्लॉट कुठून आणणार? म्हणून सगळ्या लाईनी, टर्बाईन, इन्व्हर्टर यांचे गणित संगणकात मांडतात, त्यातच एखादी लाईन तोडतात आणि पुढे काय होते ते पाहतात. पण माहिती खरी हवी. मातीचा नमुना बांधावरचा दिला तर अहवाल शेताचा कसा येणार?

ऑस्ट्रेलियातील साऊथ ऑस्ट्रेलिया राज्यात नेमके हेच झाले. २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने टॉवर पाडले. दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज खाली गेले. ठरावीक झटके बसले की वीज कमी करायची, असे सेटिंग तिथल्या बऱ्याच पवनचक्क्यांत होते. ग्रीड चालवणाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे त्यांच्या गणितातही ते नव्हते. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट वीज घटली, शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाईनवर सगळा भार आला, तीही ट्रिप झाली आणि अख्खे राज्य अंधारात गेले. वारा भरपूर होता बरं का!

पुढे ती सेटिंग बदलली, उत्पादकांकडून इन्व्हर्टरची बारीकसारीक माहिती सक्तीने घेतली जाऊ लागली. २०२१ मध्ये तिथे चार सिंक्रोनस कंडेन्सर बसले. म्हणजे वीज न बनवता नुसती फिरणारी यंत्रे, जड चाकासकट.

शेतातला स्वतंत्र सौर पंप ग्रीडला जोडलेला नसतो, त्याला हे लागू नाही. सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने देणाऱ्यांनी मात्र ही चाचणी झाली का, हे कंपनीला जरूर विचारावे.

— ऊस विकास अधिकारी